वर भगवा, खाली गॅलियन

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला जहाजांच्या इतिहासावरचा लेख आवडला. इजिप्तच्या नौकेपासून कंटेनरच्या जहाजापर्यंतचा पल्ला एका पानात बसवणं सोपं नाही. तक्रार आहे ती चित्राबद्दल. ‘मराठा आरमार’ म्हणून छापलेलं जहाज चक्क युरोपीय गॅलियन आहे : कुशीत तोफांच्या एकावर एक रांगा, मागे वाड्याएवढं उंच बांधकाम. त्यावर भगवा रंगवला म्हणून ते आपलं होत नाही. शिवजयंतीच्या फ्लेक्सवर हेच चित्र असतं, पण वर्तमानपत्राकडून अपेक्षा वेगळी असते.

एवढ्याशा चित्राचं काय, असं कुणी म्हणेल. पण जहाजाचा आकार हौसेनं ठरत नाही. पाणी, वारा आणि हाताशी असलेलं लाकूड तो ठरवतात. लेखातलीच खुफूची नौका घ्या. 1954 साली पिरॅमिडच्या पायथ्याशी सापडलेली, सुमारे 43 मीटर लांब. तिच्या फळ्या दोरांनी बांधलेल्या होत्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही फळ्या काथ्यानं शिवून जहाजं बांधत. अजिंठ्यातल्या चित्रावरून बांधलेली आणि मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ अशीच शिवलेली आहे. शिवलेलं जहाज थोडं लवतं, त्यामुळे लाटेनं वाळूवर आपटलं तरी सहसा फुटत नाही.

आता गुराब, म्हणजे मराठा आरमाराचं मोठं लढाऊ जहाज. कोकणातल्या खाड्या उथळ, मुखाशी वाळूचे दांडे. म्हणून गुराबेचा तळ पाण्यात कमी बुडणारा. डोलकाठ्या दोन किंवा तीन, वजन दीडशे ते तीनशे टन. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब, टोकदार, पुढे झेपावलेली, आणि तिच्या मागच्या आडव्या भिंतीतून दोन मोठ्या तोफांची तोंडं थेट समोर रोखलेली. बाजूंना लहान तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की विलायती जहाज जागीच डुलत राही. गलबतं मात्र दोर लावून गुराबेला ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करत. त्याच्या कुशीतल्या तोफांचा तिथे काही उपयोग नसे. कान्होजी आंग्र्यांचा दरारा बराचसा या युक्तीवर उभा होता. भर समुद्रात, उंच लाटांसमोर हीच गुराब फार आपटे, हेही सांगायला हवं. ‘आमच्याकडे सगळं होतं’ छापाचा अभिमान मला नको आहे.

लाकडाचंही तसंच. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, त्यात ते टिकतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, 1817 साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. ‘टायटॅनिक’ला अर्धा रकाना आणि याला एक ओळही नाही, हे मात्र खटकलं.

आणि एक प्रसंग तर पुण्याच्या वर्तमानपत्रानं गाळायलाच नको होता. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला. आंग्र्यांनी ते कंपनीकडूनच जिंकलेलं होतं. त्याची आग पसरत गेली आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळून गेलं. या मोहिमेत इंग्रजांचे भागीदार होते आपले नानासाहेब पेशवे. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते हे खरं. पण घरच्या भांडणात इंग्रजी आरमाराला हाताशी धरायचा निर्णय याच शहरात झाला. अटकेपार झेंड्याबद्दल आपण भरभरून बोलतो. त्याच्या दोनच वर्षं आधीची ही गोष्ट मात्र कुणी काढत नाही. पुढे पेशव्यांनी धुळप या सरदार घराण्याच्या हाताखाली आरमार चालवलं, पण पाण्यावर इंग्रजांना अडवणारा मोठा सरदार आपण आपल्याच हातानं बुडवला होता.

पेशवे दप्तराची कागदपत्रं पुण्यातच आहेत. आपला वार्ताहर तिथे रिक्षानं पोहोचेल. ती पाहून आरमारावर एक स्वतंत्र लेख छापावा, आणि तोवर निदान योग्य चित्र तरी द्यावं. चित्रकारासाठी एवढंच : नाळ लांब काढा, पुढे दोन तोफा दाखवा आणि मागचा तो वाडा पाडा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोथरूड, पुणे