‘संध्याकाळ मोकळी’ असलेल्या सहली बंद करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. निपाणी-चिकोडी भागात माझे कृषी सेवा केंद्र आहे आणि वयाची साठी मी ओलांडली आहे. या दोन्ही नात्यांनी ज्यावर बोलण्याचा मला अधिकार आहे, असा एक विषय वाचकांच्या पत्रव्यवहारात सहसा येत नाही. थायलंडमधील पट्टाया या समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात आपल्या भागातून केवळ पुरुषांच्या सहली जातात आणि पन्नाशी-साठी उलटलेली, घरात नातवंडे असलेली माणसे तेथे पैसे मोजून शरीरसुख विकत घेतात, हा तो विषय होय. अशा एका सहलीत मी स्वतः होतो, त्यामुळे हे ऐकीव माहितीवर लिहीत नाही.

या सहली मुळात घडतात कशा, हे धंद्याबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसते. खते, कीटकनाशके आणि विशेषतः ‘टॉनिक’ म्हणून विकली जाणारी संजीवके यांच्या कंपन्या हंगामाच्या तोंडावर विक्रेत्यांसाठी स्कीम जाहीर करतात. ठरलेल्या लाखांच्या मालाची उचल केली की सहलीची एक सीट, त्याच्या दुप्पट केली की दोन. युरियावर विक्रेत्याला फारसे काही सुटत नाही. जे सुटते ते टॉनिकच्या बाटलीवर, आणि सहलीचा खर्चही त्या बाटलीच्या किमतीतच बसवलेला असतो. म्हणजे उसावर, तंबाखूवर किंवा सोयाबीनवर ती बाटली फवारणारा शेतकरी स्वतःच्या नकळत आमच्या सहलीची वर्गणी भरत असतो. सिमेंट, फरशी, रंग, टायर यांच्या विक्रेत्यांकडेही हीच रीत आहे. आयकर कायद्यातील १९४आर हे कलम १ जुलै २०२२ पासून लागू झाले आणि वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या अशा लाभावर १० टक्के कर आधीच कापून घेण्यास सुरुवात झाली. तेव्हापासून या सहलींची नोंद आयकर खात्याकडे असते; विक्रेत्याच्या बायकोला मात्र ‘कंपनीची मीटिंग आहे’ एवढेच सांगितलेले असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट माफ केली आणि उरलीसुरली अडचणही दूर झाली.

या सहलींना जाणाऱ्यांत वयस्कर मंडळी अधिक का असतात, याचे कारण साधे आहे. दुकानाचा परवाना आणि कंपनीचे खाते वडिलांच्या नावावर असते, गल्ला आता मुलगा सांभाळतो, आणि ‘बाबा, तुम्ही फिरून या’ असे तोच प्रेमाने सांगतो. बँकॉकमध्ये दोन रात्री आणि पट्टायात दोन रात्री, असा कार्यक्रम ठरलेला असतो. दिवसा कोरल आयलंड, रात्री अल्काझार या थिएटरातला नाचगाण्याचा शो, वाटेत भारतीय जेवण, आणि मग छापील कार्यक्रमपत्रिकेत दोनच शब्द येतात, ‘संध्याकाळ मोकळी’. त्या मोकळ्या संध्याकाळी कोणाला कोठे न्यायचे, हे सोबतच्या माणसाला सांगावे लागत नाही. जाणारा प्रत्येक जण तेथे जातोच असे मी म्हणणार नाही. नातवंडांसाठी चॉकलेटे घेऊन दहाच्या आत झोपणारे सज्जनही मी पाहिले आहेत. पण जे जातात ते चोरून जात नाहीत. ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याची वर्णने करतात, आणि बस हसते.

बँकॉकच्या आग्नेयेला साधारण दीडशे किलोमीटरवर, चोनबुरी प्रांतात असलेले पट्टाया हे १९६० पर्यंत मासेमारी करणाऱ्यांचे गाव होते. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिकांना विश्रांतीसाठी तेथे आणले जाऊ लागले आणि त्यांच्या मौजेभोवती हा बाजार उभा राहिला. सैनिक गेले, बाजार राहिला. पुढे त्यात युरोपातील निवृत्त पुरुष आले आणि आता आपल्यासारख्यांची भर पडली आहे. तेथील बारमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी ईशान्य थायलंडमधून, म्हणजे इसान या भागातून आलेल्या असतात. माझ्या धंद्यातील माणसाला त्या भागाची गोष्ट दोन वाक्यांत कळते. जमीन रेताड, काही ठिकाणी खारवट, बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर आणि भाताचे एकच पीक. मुलगी शहरात जाते, तिचे मूल गावी आजीपाशी वाढते आणि दर महिन्याला तिने पाठवलेल्या पैशांवर ते घर चालते.

‘तिला पैसे मिळतात, मग कोणाचे काय बिघडते?’ असे विचारणारे माझे व्यवसायबंधू एरवी मालाच्या दरातील कमिशन पैशापैशाने मोजतात. येथे मात्र त्यांना हिशेब नको असतो. ग्राहकाने तिच्यासाठी मागवलेल्या पेल्याच्या किमतीतील मोठा भाग बारमालकाचा असतो. तिला बाहेर न्यायचे असेल तर ‘बार फाईन’ म्हणून वेगळी रक्कम मालकाला द्यावी लागते. म्हणजे तिला कामावरून उठवल्याबद्दलची नुकसानभरपाई मालकाला मिळते. तिचा स्वतःचा भाव त्यानंतर सुरू होतो आणि वय वाढले की तो उतरतो. मुख्य म्हणजे हा सगळा व्यवहार तेथे कायदेशीर आहे, ही सहलीतील सर्वांची समजूत चुकीची आहे. वेश्याव्यवसायाला आळा घालणारा १९९६ चा थाई कायदा अजून अस्तित्वात आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते, ते बसमधील कोणीही सांगेल. पण वेश्यागृहात १८ वर्षांखालील मुलीशी किंवा मुलाशी संबंध ठेवणाऱ्या ग्राहकालाच त्यात तुरुंगवास आहे, आणि मूल १५ वर्षांपर्यंतचे असेल तर शिक्षा आणखी कडक आहे. दिव्यांच्या झगमगाटात, रंगवलेल्या चेहऱ्यावरून समोरच्या मुलीचे वय सांगू शकेल असा एकही विक्रेता मला भेटलेला नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल, केंद्र सरकारच्या मंजुरीने, त्याच्यावर भारतात खटला चालू शकतो, हेही आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आपल्या जिल्ह्यातील माणसाने तरी या प्रकाराला हसू नये, असे मला वाटते. सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर याच जिल्ह्यात आहे. देवीच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा बंद करणारा कायदा कर्नाटकाने १९८२ मध्ये केला. त्याआधी आणि त्यानंतरही सौंदत्ती, गोकाक, रायबाग, अथणी या तालुक्यांतील किती घरांतील मुली मुंबई, पुणे, सांगली आणि गोव्याच्या वस्त्यांत पोहोचल्या, हे येथील जुन्या माणसांना सांगायला नको. राज्य सरकारने १९९३-९४ आणि २००७-०८ मध्ये केलेल्या दोन पाहण्यांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली. त्या मुलींच्या गावीही कोरडवाहू शेतीच होती, एकच पीक होते, आणि मुलीच्या पैशांवर चालणारे घर होते. इसानचे नाव आपल्याला परके वाटेल. तेथील घर परके नाही. आपल्या लेकी बाजारात बसल्या तेव्हा आपण प्रथेला दोष दिला, गरिबीला दिला, आईबापांना दिला. तेथे येणारा ग्राहक कोण होता, हे विचारायचे मात्र राहून गेले. आज तो ग्राहक आपल्याच पेठेतून विमानतळाकडे निघतो, तेव्हा त्याला पोहोचवायला आपणच गाडी घेऊन जातो.

गोव्याचे उदाहरण तर घाट उतरला की समोर आहे. वास्कोजवळच्या बायना किनाऱ्यावरील वस्तीत कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्यात, तेथील झोपड्या पाडण्यात आल्या. बायका विखुरल्या, मुलांच्या शाळा सुटल्या. ग्राहकांचे काहीच गेले नाही, त्यांनी फक्त पत्ता बदलला. म्हणून धाडी घाला, वस्त्या पाडा अशी मागणी मी करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांतही स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना पोलिसांनी छळू नये आणि त्यांना सन्मानाने वागवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच गोव्यात मडगावला अनाथ मुलांचा आश्रय म्हणून घर चालवणारा फ्रेडी पीट्स हा वयोवृद्ध गृहस्थ परदेशी पुरुषांना मुले पुरवीत होता, हे १९९१ मध्ये उघड झाले आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. समाजाच्या दृष्टीने तो परोपकारी म्हातारा होता. पिकलेले केस पाहिले की शंका घ्यायची नाही, ही आपलीही सवय आहे. गोव्याने २००३ च्या बालक कायद्यात हॉटेलच्या व्यवस्थापकावरच जबाबदारी टाकली, की कुटुंबीय किंवा नातेवाइकांसोबत नोंद असल्याशिवाय कोणत्याही मुलाला खोलीत जाऊ द्यायचे नाही. चोर्ला घाटाने शनिवारी दुपारी गोव्याकडे उतरणाऱ्या आपल्याकडील गाड्यांतील मंडळींनी हा कायदा माहीत करून घ्यावा.

आरोग्याच्या बाजूबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याचा भार न गेलेल्या माणसावर पडतो. साठीतल्या पुरुषाला मधुमेह आणि रक्तदाब असतो, कित्येकांच्या खिशात छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवायची गोळी असते. तोच माणूस सहलीला निघताना ओळखीच्या औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिलची, म्हणजे लैंगिक ताकदीसाठीची, गोळी घेतो. ही दोन औषधे एकत्र आली तर रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि जीव जाऊ शकतो; परगावी, दारूच्या अमलात, भाषा न समजणाऱ्या माणसांत हे घडले तर डॉक्टरला नेमके काय सांगायचे, हेही सोबत्यांना सुचत नाही. आणि संसर्ग? बेळगाव आणि बागलकोट हे जिल्हे एचआयव्हीच्या बाबतीत एकेकाळी देशातील जास्त बाधित जिल्ह्यांत गणले जात होते, आणि त्याची झळ घराबाहेर कधी न पडलेल्या बायकांनी सोसली. सरकारी रुग्णालयातील चाचणी मोफत असते आणि तिचा निकाल गुप्त ठेवला जातो. पण साठीच्या बाईला सतत ताप येऊ लागला, वजन घटू लागले, तर तिची ही तपासणी करावी असे ना घरच्यांच्या मनात येते, ना सहजी डॉक्टरांच्या. ती काय विचारणार? तिला तर मीटिंग एवढेच माहीत आहे.

या माणसांच्या एकटेपणाची मला कल्पना नाही असे नाही. बायको आजारी किंवा गेलेली, मुले आपापल्या व्यापात, रात्री बोलायला कोणी नाही. उतारवयातही माणसाला जवळीक हवी असते, हे बोलण्याची सोय आपल्या घरांत नाही. विधुराने साठाव्या वर्षी दुसरे लग्न केले तर गाव त्याच्या तोंडावर हसते. तोच पट्टायाला जाऊन आला तर कट्ट्यावर त्याला टाळी मिळते. याबाबत गावाने स्वतःकडे पाहावे. मात्र एकटेपणाचे हे कारण बसमधील फार थोड्यांना लागू पडते. बाकीचे जातात ते फुकट मिळाले म्हणून, सगळे चालले म्हणून, आणि परत आल्यावर कोणी विचारणार नाही म्हणून.

माझी मागणी नैतिक उपदेशाची नसून धंद्याच्या भाषेतील आहे. कंपन्यांना बक्षीस द्यायचेच असेल तर त्यांनी ती रक्कम क्रेडिट नोटने विक्रेत्याच्या खात्यावर जमा करावी. निम्मे विक्रेते तीच अधिक पसंत करतील, कारण हंगामात खेळते भांडवल कोणालाच पुरत नाही. सहलच द्यायची तर ती पती-पत्नी दोघांची द्यावी, आणि एकट्या पुरुषांची सीट ठेवूच नये. एवढा एक नियम केला तरी ‘संध्याकाळ मोकळी’ या ओळीचा अर्थ बदलेल. तालुक्यांतील विक्रेता संघटनांनी आपल्या वार्षिक सभेत तसा ठराव करून तो कंपन्यांच्या विभागीय अधिकाऱ्यांना पाठवावा. आपल्याकडील काही पतसंस्था आणि सोसायट्यांचे संचालक ‘अभ्यास दौरा’ या नावाखाली अशाच सहलींना जातात. तो खर्च कोणत्या सदराखाली टाकला, हे सभासदांनी अहवाल हातात घेऊन सर्वसाधारण सभेत विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर मसाज आणि ‘मैत्री’ यांच्या ज्या जाहिराती फक्त मोबाइल क्रमांकासह छापल्या जातात, त्या कशाच्या असतात हे छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखेच कळते. त्या घेणे आपण थांबवावे. खरिपाच्या स्कीम अक्षय तृतीयेच्या आसपास जाहीर होऊ लागतात आणि एकदा सीटची नावे कंपनीकडे गेली की कोणी मागे हटत नाही, म्हणून हे पत्र त्याआधी प्रसिद्ध व्हावे. याच व्यवसायात मला अजून काही वर्षे काढायची असल्याने माझे नाव छापू नये. पत्ता आणि दूरध्वनी आपल्या माहितीसाठी सोबत वेगळा दिला आहे.

आपला विश्वासू,
एक कृषी सेवा केंद्र चालक
निपाणी, जि. बेळगाव