काशीचं मला का नाही विचारलंत?

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न.

काल वहिनी फोनवर बोलता बोलता म्हणाली, बाबा स्टँडसमोरच्या टूरवाल्याकडे काशीची चौकशी करून आले. मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. तीस वर्षं मी लोकांना जगभर पाठवते आणि माझ्या घरच्यांनी कोपऱ्यावरच्या माणसाला विचारावं! आधी रागच आला. मग आपली केरळातली अलेप्पीची सहल आठवली आणि राग कुठल्या कुठे गेला.

त्या हाउसबोटीच्या फळ्या खिळा न मारता काथ्यानं शिवलेल्या असतात, हे मी तुम्हाला चारदा ऐकवलं होतं. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातभर फट असते, हे मात्र एकदाही बोलले नाही. आईचा गुडघा उचलेना, तेव्हा दोन खलाशांनी तिला अलगद उचलून आत ठेवलं. परक्या पुरुषांनी उचललं म्हणून ती दिवसभर गप्प. साडेपाचला बोट काठाला लागली तर बाबा, तुम्हाला वाटलं इंजिन बिघडलं. संध्याकाळी कोळ्यांची जाळी पडतात म्हणून बोटी थांबवतात, हेही मी सांगितलं नव्हतं. जेवणात सगळीकडे खोबरेल. "डोक्याचं तेल पोटात कसं घालू?" म्हणत आईनं पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. मी मात्र मनात बिल मोजत धुसफुसत होते.

आमच्याकडे नवं गिऱ्हाईक आलं की आधी चार पानी फॉर्म भरून घेतो. उशी मऊ की टणक, टब हवा की शॉवर, लिफ्टपासून खोली किती लांब चालेल, रात्री औषध कितीला. मलबार हिलच्या एका जैन घराला मी सोळा वर्षं सांभाळते. स्वित्झर्लंडला जाताना त्यांचा महाराज, म्हणजे स्वयंपाकी, बरोबर असतो. त्याचा व्हिसा, त्याची भांडी, शिजवायला स्वयंपाकघर मिळेल असा बंगला, सगळं मी बघते. तिथल्या आजींना बटाटा चालत नाही हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. आईला तो फॉर्म कधी दिलाच नाही. आपल्या आईचं काय विचारायचं, असं वाटलं.

बाबा, "नुसत्या सल्ल्याचे पैसे कोण देतं गं?" हे तुम्ही दर दिवाळीला विचारता. मी फोर्टात नोकरीला लागले तेव्हा विमान कंपन्या तिकिटावर नऊ टक्के द्यायच्या. लाल कार्बनची तिकिटं लिहून लिहून बोटं रंगायची. ते कमिशन उतरत उतरत २००८च्या अखेरीला बहुतेकांनी शून्यावर आणलं. कागदी तिकिटंही त्याच वर्षी बंद झाली. माझ्याबरोबरच्या निम्म्या लोकांनी धंदा सोडला. जे उरलो ते सल्ल्याची फी घेतो आणि हॉटेलवाले देतात त्या कमिशनवर जगतो. कार्डावर आता 'लक्झरी ट्रॅव्हल ॲडव्हायझर' छापलंय. काम तुमचंच आहे, एसटी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाचं. फक्त खिडकीला जाळी नाही.

हे उगीच बोलत नाही. एप्रिल २०१० आठवतो? आईच्या मोतीबिंदूसाठी मी कराडला आले आणि दुसऱ्याच दिवशी आइसलँडचा ज्वालामुखी उसळला. राखेनं युरोपातली विमानं बंद. माझ्या गिऱ्हाइकांचं अकरा जणांचं कुटुंब पॅरिसात अडकलेलं, त्यात दोन तान्ही मुलं, आणि फ्रान्सच्या रेल्वेत नेमका संप. तीन दिवस मी ओसरीवर फोन कानाला लावून बसले होते. तुम्ही आईच्या डोळ्यात थेंब घालता घालता मागे न बघता म्हणालात, "रेल्वे नाही, विमान नाही, तर जादा गाडी सोड की. आणि चालक दोन लाव, एक झोपंल."

माद्रिदचा विमानतळ चालू होता. रस्त्यानं साडेबाराशे किलोमीटरच्या वर. बस ठरवली. बसवाला म्हणाला, आमच्याकडे एका ड्रायव्हरला दिवसाला नऊ तासच चालवता येतं, दोन लागतील. मी म्हटलं, माहीत आहे. ते कुटुंब अजूनही माझ्याकडेच येतं आणि त्या बसची गोष्ट दर वेळी काढतं. बस कुणी सोडली हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आणि थेंब घालायला आलेली मी, ते तुम्हाला घालावे लागले, हेही राहूनच गेलं बोलायचं.

आता काशीचं. टूरवाल्याला पैसे दिले नसतील तर थांबा. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं असतं, गाड्या तासन् तास रखडतात. आपण फेब्रुवारीच्या अखेरीस जाऊ. आणि हे वहिनीकडून लिहून पाठवा, 'तुला माहीतच आहे' असं न म्हणता:

आई, एका दमात किती पायऱ्या उतरवतील? घाटावर त्या फार आहेत. रात्री किती वेळा उठतेस? आरती होडीतून बघायची की काठावर खुर्ची टाकून? खरं सांग, होडीची भीती बसलीय ना? बाबा, तुम्हाला पहाटेचा चहा कितीला लागतो? आणि गाडीत अजून चालकाच्या मागचीच सीट ना?

तुमची,
बेबी