सुटीत ग्रंथालयाला कुलूप कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च संपत आला की माध्यमिक शाळांच्या वर्गांतून एक सूचना फिरते : ग्रंथालयाची पुस्तके अमुक तारखेच्या आत जमा करावीत. पुस्तके जमा होतात, दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद असलेली वही) समोर घेऊन साठा-पडताळणी होते आणि मेच्या पहिल्या आठवड्यात कपाटांना लागलेली कुलपे जूनच्या मध्यावर निघतात. आठवी-नववीच्या मुलांना सलग वाचायला वर्षात पाच-सहा आठवडे मिळतात, आणि नेमके तेवढेच आठवडे पुस्तके कपाटात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन मात्र थाटात होतो. तेव्हा बहुतेक शाळांत सत्र परीक्षा तोंडावर आलेली असते!

पडताळणी करावीच, पण दोन हप्त्यांत. कथा, कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने हा मुलांच्या हातात फिरणारा भाग फेब्रुवारीत उरकावा. कोश, संदर्भग्रंथ, जुने अंक बाहेर जातच नाहीत. ते मे महिन्यात निवांत मोजावेत. मग महाराष्ट्र दिनाच्या आसपास निकाल लागतो त्या दिवशी प्रगतिपुस्तकाबरोबर प्रत्येकाला दोन पुस्तके देता येतात.

ग्रंथपाल पुस्तके सोडत नाहीत ती आळसाने नव्हे, धास्तीने. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. कितीतरी शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ आहेत, कुठे एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात कपाटाची किल्ली अडकवलेली असते. म्हणून शंभरांत तीन-चार पुस्तके परत येणार नाहीत हे मुख्याध्यापकांनी आधीच लेखी मान्य करावे. सातवी, आठवी, नववीची मुले जूनमध्ये त्याच शाळेत येतात, त्यांच्याकडून वसुली सोपी. दहावी देऊन बसलेल्यांना मात्र पुस्तक देऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की पुस्तक मागायला कोणाच्या दारी जाणार?

वाटपाची रीतही ठरवून घ्यावी. साठ मुलांच्या तुकडीला साठ पुस्तके मांडली तर शेवटच्या दहा जणांच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. पंच्याऐंशी तरी मांडावीत, मुखपृष्ठ वर करून, बाकांवर पसरून. पहिले पुस्तक हजेरी क्रमांक एकपासून, दुसरे साठपासून उलटे. ‘दुसरे’ म्हणजे दुसरी फेरी, त्यासाठी तेवढीच पुस्तके पुन्हा मांडावी लागतात. देवघेवीच्या वहीत फक्त हजेरी क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल नोंदवहीतला क्रमांक लिहावा, नाव त्या नोंदवहीत असतेच. नववीची दोन चुणचुणीत मुले लिहायला बसवली की दोन तासिकांत तुकडी होते. उचलण्याआधी मुलाने मधलेच एखादे पान वाचून पाहावे. एका पानात चार-पाच शब्दांना अडखळला तर ते पुस्तक खाली ठेवावे. शिक्षकांची आवड इथे आड येते. चारशे पानांची भारदस्त कादंबरी मुलाच्या हातात दिली की ती ट्रंकेत गावाला जाते आणि तशीच परत येते. एकशे साठ पानांचे पुस्तक रोज दहा पानांच्या हिशेबाने सोळा दिवसांत संपते, म्हणजे दोन्ही पुस्तके सुटीत आटोपून वर आंबे खायला दिवस उरतात.

आता सुटीतल्या अभ्यासाविषयी. दर विषयाचा एक प्रकल्प धरला तरी आठ-नऊ प्रकल्प होतात. त्यांचे पुढे काय होते ते शाळेजवळच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाहावे : माहितीची पाने छापून तयार, वर चकचकीत मुखपृष्ठ, आत फक्त नाव घालायचे. मराठीच्या ‘पुस्तक परिचया’ची तीच गत. सारांश मागितला की सारांश येतो, हल्ली मोबाइलवरच्या एआयकडून, तोही निर्दोष शुद्धलेखनात. आणि शंका येते ती त्या शुद्धलेखनामुळेच.

म्हणून सारांश मागूच नये. शंभरपानी वही घ्यावी आणि दर बैठकीला चार ओळी लिहायला सांगाव्यात : तारीख, पान कितीपासून कितीपर्यंत, त्या पानांतले आवडलेले किंवा खटकलेले एक वाक्य जसेच्या तसे, पान क्रमांकासह, आणि वाचताना पडलेला एक प्रश्न. पान क्रमांकाला महत्त्व अशासाठी की शिक्षकाला पान ६३ उघडून वाक्य तिथे आहे की नाही ते बघता येते. तरी मुले शेवटच्या दोन दिवसांत वही भरतातच. ती ओळखायला कसब लागत नाही. वीस नोंदी, सगळ्या एकाच पेनने, एकाच वळणात, दर नोंदीला बरोबर दहा पाने, आणि एकाही पानावर रसाचा डाग नाही. खरी वही ओबडधोबड असते : एके दिवशी तीन पाने, मग आठवडाभर शून्य, मग एकदम चाळीस.

जूनमध्ये निबंध न घेता प्रत्येकाशी तीन मिनिटे बोलावे. वहीतले एक वाक्य निवडावे आणि ‘हे कोण कोणाला म्हणतो, आणि का?’ एवढेच विचारावे. साठ मुलांना एकशे ऐंशी मिनिटे लागतात, पस्तीस मिनिटांच्या पाच-सहा तासिका. त्या सुरुवातीच्या तीन आठवड्यांत विखरून घेता येतात. ‘पुस्तक आवडले नाही, तिसाव्या पानावर सोडले’ हे उत्तरही ग्राह्य धरावे, फक्त का सोडले ते सांगता आले पाहिजे. गुण देऊ नयेत. गुण आले की पालकांचे अक्षर वहीत उतरते.

वाचनाखेरीज मराठीचे एकच लेखी काम द्यावे. ठाण्यातली पुष्कळ मुले मे महिन्यात कोकणात किंवा घाटावर गावी जातात. त्यांनी तिथे होणारी एक वस्तू कशी करतात ते पायऱ्यांनी लिहून आणावे. आमसुले घेतली तर रातांबे किती, मीठ किती, रसाची पुटे किती वेळा, ऊन किती दिवस, मळभ आले तर काय बिघडते, असे सगळे आजीला विचारून. इथेच राहणाऱ्यांनी राम मारुती रोड किंवा गोखले रोडच्या दोनशे पावलांतल्या मराठी पाट्या जशाच्या तशा उतरवाव्यात आणि चुका शोधाव्यात. ‘उपहारगृह’ हमखास सापडेल. उपहार म्हणजे भेट, खायचा तो उपाहार. पाटीवरचा काना गळला की हॉटेलात जेवणाऐवजी भेटवस्तू मिळायची! नववीतून दहावीत गेलेल्यांना क्लासच्या व्हेकेशन बॅचमुळे सुटीच नसते, त्यांना हे लेखी काम माफ करावे. पुस्तक मात्र त्यांनाही द्यावे, पण एकच. ‘दहावीचे वर्ष आहे’ म्हणणाऱ्या पालकांना दहावीच्या मराठीची, म्हणजे कुमारभारतीची, ८० गुणांची कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) दाखवावी : २४ गुण उपयोजित लेखनाचे, ६ स्थूलवाचनाचे, शिवाय अपठित उतारा. ज्याच्या हाताला नवीन मजकूर वाचायची सवय नाही त्याचे गुण तिथे जातात.

ज्या शाळांकडे पुस्तकेच तोकडी आहेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयांकडे वळावे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये राज्यभर आहेत. मुलांचे अडते ते अनामत रक्कम आणि पत्त्याच्या पुराव्यापाशी. शाळेच्या बोनाफाईड दाखल्यावर, मुख्याध्यापकांच्या हमीने दोन महिन्यांचे सभासदत्व द्यावे, अशी आमची ग्रंथालयांच्या कार्यकारिणींना विनंती आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, पण घरातला फोन वडिलांबरोबर सकाळीच लोकलने जातो. तेव्हा छापील पुस्तकाला पर्याय म्हणून ते सांगू नये.

एक बारीक गोष्ट राहिली. पुस्तके परत येतात तेव्हा ठाण्यात पाऊस सुरू झालेला असतो. दप्तरात भिजलेले पुस्तक तसेच कपाटात गेले की आठवड्यात बुरशी धरते आणि शेजारच्या चार पुस्तकांना लावते. म्हणून देतानाच प्रत्येक पुस्तकाबरोबर धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी द्यावी, आणि परत आलेली पुस्तके दोन दिवस पंख्याखाली उभी उघडून ठेवल्याशिवाय कपाटात लावू नयेत.

आपले,
माध्यमिक शाळांतील काही मराठी शिक्षक व ग्रंथपाल, ठाणे