ताई, साठ ओहम आले!

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

बॅटरी आणि इन्व्हर्टरमधला संपर्क एकदाही न तुटता आज एकवीस दिवस झाले. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर बॅटरीची टक्केवारी, सेलचं तापमान आणि चार्जिंगची मर्यादा हे तिन्ही आकडे एकदाही गेलेले नाहीत. फोनवर मी "धन्यवाद" म्हणालो की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितोय, कारण घरी बॅटरी एका कंपनीची आणि इन्व्हर्टर दुसऱ्या कंपनीचा असलेले खूप जण आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंत जायला हवं.

ज्या रात्री तीन वाजता घर अंधारात गेलं, तेव्हा मोबाइलवरची शेवटची नोंद ४६ टक्क्यांची होती. बसवणाऱ्याने सांगितलं होतं की बॅटरीची माहिती इन्व्हर्टरला देणारी कम्युनिकेशन केबल नाही जोडली तरी चालतं, बॅटरी किती उरली ते इन्व्हर्टर व्होल्टेजवरून ओळखतो. पण आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. ३.२ व्होल्टचे १६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे ५१.२ व्होल्ट. या सेलचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही. ५२ च्या आसपास तासन्‌तास रेंगाळतं आणि शेवटी एकदम कोसळतं. इन्व्हर्टर अंदाजाने ४६ दाखवत राहिला आणि सेल वाचवण्यासाठी बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने, जोडणी तोडली. तुम्ही तेव्हा म्हणालात, "बीएमएसला सगळं ठाऊक होतं हो, पण त्याचं ऐकायला कोणी नव्हतं." तिथून मला प्रश्न नीट कळायला लागला.

तोवर मी तीन तयार केबल लावून पाहिल्या होत्या. सॉकेट इंटरनेटच्या केबलचं, त्यामुळे इंटरनेटची केबल चालेल असं मी धरून चाललो होतो. तुम्ही केबलबद्दल काहीच विचारलं नाहीत. दोन्ही मॅन्युअलमधल्या पिनांच्या तक्त्यांचे फोटो मागितलेत. ही दोन यंत्रं कॅन नावाच्या पद्धतीने दोन तारांवरून बोलतात, एक कॅन-हाय आणि एक कॅन-लो. बॅटरीकडे त्या ४ आणि ५ नंबरच्या पिनवर, इन्व्हर्टरकडे ७ आणि ८ वर. सरळ केबल कितीही महागाची आणली असती तरी त्या दोन तारा एकमेकींना भेटल्याच नसत्या. बॅटरीवर तशीच दिसणारी आणखी दोन सॉकेट आहेत, एक आरएस-४८५ या वेगळ्या संपर्क पद्धतीचं आणि एक दुसऱ्या बॅटरीला जोडायचं. त्यांवर तुम्ही मला चिकटपट्टी लावायला सांगितलीत. ती पट्टी अजून तशीच आहे.

मी केबलला टोकं दाबून बसवली (क्रिम्प केली), मल्टिमीटरच्या बीपवर एकेक पिन तपासली, तरी स्क्रीन कोरीच. इथे मी हात टेकले होते. तुम्ही मात्र खूश झालात, कारण आता निम्मा प्रश्न वेगळा काढता येणार होता. इन्व्हर्टरकडचं टोक काढून ते यूएसबी-कॅन अडॅप्टरमार्फत लॅपटॉपला लावायला सांगितलंत, वेग सेकंदाला ५०० किलोबिट. आणि ओळी धो धो येऊ लागल्या! प्रत्येक ओळीला संदेशाचा नंबर: ३५१, ३५५, ३५६, ३५९. बॅटरी बोलत होती, तारही शाबूत होती. मग दोष इन्व्हर्टरच्याच बाजूला असणार, आणि तसंच निघालं. त्याचं पोर्ट २५० वर ठेवलेलं होतं. मेनूत ५०० केल्यावर काही सेकंदांत टक्केवारी झळकली. त्या संध्याकाळी घरातले सगळे स्क्रीनभोवती उभे होते, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपर्क पुन्हा तुटला. सकाळी नीट, संध्याकाळी नीट, ऐन उन्हात मात्र "बॅटरीशी संपर्क नाही". तुमचा पहिला अंदाज इन्व्हर्टरच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर होता. आपण ते अपडेट केलं, पुढच्या दुपारी तेच झालं. तुम्ही लगेच म्हणालात, "माझा अंदाज चुकला, आता मोजूया." ताई, इतके दिवस मला सल्ला देणाऱ्या कुणीही हे वाक्य उच्चारलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी डोळे मिटून केली असती, पण तुम्ही डोळे मिटू देणाऱ्यांतल्या नाहीत.

मोजण्याआधी सगळं बंद. आधी पॅनेलचा डीसी स्विच, मग एसी, शेवटी बॅटरीचा ब्रेकर. आतले कपॅसिटर उतरावेत म्हणून दहा मिनिटं थांबायचं, हातातली अंगठी काढून ठेवायची. बंद ब्रेकरचा फोटो पाहिल्याशिवाय तुम्ही पुढचं पाऊल सांगितलं नाहीत. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. त्याबद्दल तर वेगळे आभार.

मग कॅन-हाय आणि कॅन-लोमधला रोध मोजला. १२० ओहम. "साठ यायला हवेत," तुम्ही म्हणालात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर हवा, दोन समांतर जोडले की साठ होतात. चाळीस आले तर कुठेतरी तिसरा शिरलाय, १२० आले तर एक गायब आहे. आमच्या बॅटरीत तो होता, इन्व्हर्टरच्या पोर्टात नव्हता. टोकाला रेझिस्टर नसला की संदेश तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. तार लहान असेल तर बऱ्याचदा तसंही निभावतं, म्हणूनच आमचं सकाळी चालत होतं. इन्व्हर्टरच्या शेजारच्या रिकाम्या सॉकेटात ७ आणि ८ पिनांमध्ये रेझिस्टर बसवला, पुन्हा मोजलं, साठ आले. मी तुम्हाला फोनवर ओरडूनच सांगितलं होतं.

मला त्याच दिवशी केबलही नवी करायची होती. तुम्ही थांबवलंत. एका वेळी एकच बदल, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही. दोन दिवस नोंद ठेवली. दुपारी सात-आठ वेळा तुटणारा संपर्क दोनदा तुटू लागला. म्हणजे आणखी काहीतरी होतं.

ते माझ्या केबलमध्ये होतं. बीप सगळीकडे बरोबर वाजत होता, पण मी हायसाठी पांढरी-हिरवी तार घेतली होती आणि लोसाठी तपकिरी. केबलमध्ये तारा दोन-दोनच्या पिळलेल्या जोड्यांत असतात, आणि या दोन वेगळ्या जोड्यांतल्या. त्यावर तुम्ही कॅनची जी गोष्ट सांगितलीत ती मला फार आवडली. बॉशने १९८६ मध्ये ही पद्धत जगापुढे आणली ती मोटारींसाठी, म्हणजे मुळातच विजेच्या गोंगाटात बोलण्यासाठी. शांत असताना दोन्ही तारा सुमारे अडीच व्होल्टवर असतात. बोलताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते, आणि ऐकणारा फक्त त्यांच्यातला फरक पाहतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडला तर वजाबाकीत निघून जातो. पण तो सारखा पडायला दोन्ही तारा एकमेकींना पिळ घालून जायला हव्यात. माझ्या तारा वेगळ्या जोड्यांतून जात होत्या आणि वर मी ती केबल बॅटरीच्या जाड डीसी केबललाच टायने बांधली होती. दुपारी चार्जिंगचा करंट सगळ्यात जास्त, तेव्हाच संपर्क तुटणार!

निळी जोडी घेऊन एका टोकाला ४-५ वर आणि दुसऱ्या टोकाला ७-८ वर बसवली, केबल डीसीपासून दूर भिंतीच्या दुसऱ्या कडेने नेली. तेव्हापासून एकवीस दिवस.

काम झाल्यावरही तुम्ही अर्धा तास बसून मला ३५१ चा संदेश वाचायला शिकवलंत, त्याची काही गरज नव्हती. पहिले दोन बाइट ३० ०२. उलट क्रमाने ०२३०, हे सोळाच्या पायावरचं, म्हणजे आपले ५६०, आणि दशांश धरून ५६.० व्होल्ट. सोळा सेलना प्रत्येकी साडेतीन. पुढचे आकडे चार्ज आणि डिस्चार्ज करंटच्या मर्यादेचे. आता बॅटरी भरत आली की ती मर्यादा १०० अँपिअरवरून खाली खाली येताना मी पाहतो आणि इन्व्हर्टर मुकाट्याने ऐकतो. सेल फार गार असतील तर बॅटरी चार्जिंगची मर्यादा शून्यही करू शकते, कारण शून्य अंशाखाली हे सेल चार्ज केले तर कायमचे दुखावतात. व्होल्टेजवरून अंदाज करणाऱ्या इन्व्हर्टरला हे कुठून कळणार होतं?

आपली भेट अजून झालेली नाही. तुमचा आवाज आणि माझे फोटो, एवढीच ओळख. तुम्ही दिवसभराचं तुमचं काम संपवून रात्री माझ्यासाठी बसत होतात, हे मागून येणाऱ्या आवाजांवरून कळायचं. घरच्यांनाही माझा नमस्कार सांगा, त्यांचा वेळ मी घेतला.

पुढच्या आठवड्यात दुसरी बॅटरी जोडतोय. दोन्हींचे डिप स्विच (सेटिंगचे छोटे स्विच) मॅन्युअलप्रमाणे लावले आहेत, टोकाचा रेझिस्टर आता कुठल्या बॅटरीत हवा तेही काढून ठेवलंय. चालू करण्याआधी सगळं बंद ठेवून मोजेन आणि आकडा तुम्हाला कळवेन. साठ नसेल तर ब्रेकरला हात लावणार नाही.

तुमचा ऋणी,
सोलरवाला भाऊ