महापालिकेची बिल्डिंग दाखवणाऱ्या गाईड ताईंना मनापासून थँक्यू

नमस्कार ताई,

रविवारच्या हेरिटेज वॉकला मी आईला घेऊन आले होते, गुडघ्याला पट्टा बांधलेली, सगळ्यात मागे चालणारी, आठवली असेलच. तुमचं नाव इथे लिहीत नाही पण वाचलंत तर कळेल तुम्हाला.

आपण मुंबईकर सीएसएमटीतून बाहेर पडलो की सिग्नल गाठायच्या नादात असतो, वर बघतंय कोण! तुम्ही मात्र सगळ्यांना बाहेरच थांबवलंत आणि म्हणालात, आधी नीट बघा, मग सांगते. म्हणून ती मधल्या शिखरावरची पंखवाली बाई दिसली, अर्ब्स प्रायमा इन इंडिस (लॅटिनमध्ये ‘भारतातलं पहिलं शहर’), म्हणजे साक्षात मुंबईच बाईच्या रूपात! या बिल्डिंगचा आर्किटेक्ट फ्रेडरिक स्टीव्हन्स, त्यानेच समोरच्या स्टेशनचंही डिझाइन केलं हे माहीत होतं, पण तुम्ही एकदा इकडे एकदा तिकडे बोट दाखवत कमानी बघायला लावल्यात, तेव्हा कुठे लक्षात आलं की इथे युरोपातल्या गॉथिक शैलीच्या जोडीला आपल्याकडचे कांद्यासारखे घुमट आणि पाकळ्यांच्या कमानी किती बेमालूम बसवल्यात. आणि १८९३ ला काम पूर्ण झालं तेव्हा मंजूर ११,८८,९६९ रुपयांपैकी खर्च ११,८८,०८२, म्हणजे बजेटच्या आत, हे ऐकून आईने तर चक्क टाळ्या वाजवल्या.

पण खरे आभार जिन्यासाठी. आईला दम लागला तेव्हा तुम्ही अख्खा ग्रुप तिथेच थांबवलात, ती थकली म्हणून थांबलोय असं एका शब्दानेही जाणवू दिलं नाहीत, उलट म्हणालात घुमट बघायला हीच बेस्ट जागा आहे, आणि खरंच होती हो! मान वर करून आम्ही ती नक्षी, त्या कमानी, रंगीत काचा बघत बसलो, दगडात एवढी नाजूक पानं कोरणाऱ्या कारागिरांची नावं कुठेच नाहीत याचं मला फार वाईट वाटलं. सभागृह २००० सालच्या आगीनंतर पुन्हा उभं केलंय हे तुम्ही सांगेपर्यंत कळलंही नव्हतं, तिथे काम केलेल्या सुतारांनाही माझा नमस्कार.

आई घरी आल्यापासून फोनवर सगळ्या मावश्यांना हेच सांगतेय. पुढच्या महिन्यात त्या तिघी येणार आहेत, दोघींचे गुडघे दुखतात, पण तुम्ही असाल तर मला काळजी नाही.

खूप खूप थँक्यू ताई.