मागच्या काचेच्या बिलावर पीयूची तारीखही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरताना दुभाजकातले आणि रस्त्याकडेचे गवत यंत्राने कापायला सुरुवात होते आणि काचेच्या दुकानांत एसयूव्हींची गर्दी वाढते. गवत कापणाऱ्या यंत्राच्या फिरत्या दोरीतून किंवा पात्यातून सुटलेला हरभऱ्याएवढा खडा डिकीची अख्खी काच क्षणात चुरा करतो. त्या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर येते: ‘मागचीच तर काच आहे, अर्ध्या तासात बसवून द्या.’ गिऱ्हाईक असे म्हणते आणि पुष्कळ ठिकाणी तसेच होते. महिन्या-दोन महिन्यांनी डिकीतून पाणी झिरपू लागते, खुळखुळाट होतो, नाहीतर नवी काच पुन्हा फुटते. मग दोष काच बनवणाऱ्या कंपनीला. खरे तर अशा वेळी काच बहुधा चांगलीच असते, बिघडलेले असते ते बसवण्याचे काम. म्हणून काच बसवण्याच्या कामाबद्दल आणि ती चिकटवणाऱ्या पीयूबद्दल हे पत्र.

पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली. ती तडकते पण जागेवर राहते. मागची काच टफन्ड, साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीची. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केल्यामुळे तिचा पृष्ठभाग सतत दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. मधोमध ती चांगलाच मार सोसते, पण कडेला टवका गेला की तो ताण एकदम सुटतो आणि हजार तुकडे होतात. ‘उन्हाने फुटली’ हे कारण सांगायला सोपे असते. पण चांगली टफन्ड काच सुमारे 200 अंशांचा तापमानातला फरक सहन करते. दारात उभी असताना काच आपोआप फुटली, तर ऊन हे बहुतेक वेळा निमित्त असते; कडेचा जुना टवका, वायपरच्या भोकाशी काचेला टेकलेला धातू किंवा क्वचित काचेतच राहिलेला निकेल सल्फाइडचा कण हे खरे कारण असते.

काच फुटल्यावर आधी फोटो काढा, मग झाडू घ्या. डिकी उघडझाप करू नका, कारण तुकडे कुलपात आणि बिजागरीच्या खाचेत घुसतात. काच भेगाळूनही चौकटीतच उभी असेल तर बाहेरून रुंद मास्किंग टेप आडवी-उभी चिकटवा, आत जुनी चादर पसरा आणि हातमोजे व गॉगल घालून तुकडे आतून बाहेर ढकला.

गॅरेजपर्यंत गाडी न्यायची असेल तर उघड्या मागच्या भागावर पारदर्शक प्लास्टिक लावा. ब्राउन टेप थेट रंगावर चिकटवू नका. आधी मास्किंग टेपची पट्टी, तिच्यावर दुसरी टेप. आणि इथे एक धोका फार थोड्यांना माहीत असतो. मागची बाजू उघडी आणि पुढच्या खिडक्या बंद ठेवून गाडी चालवली, तर मागे तयार होणाऱ्या कमी दाबामुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एसीचे रिसर्क्युलेशन बंद करा, बाहेरची हवा आत घेणारा पंखा मोठा ठेवा, पुढच्या काचा खाली करा आणि तिसऱ्या रांगेत कोणाला बसवू नका.

नवी काच निवडताना गाडीचे नाव आणि वर्ष एवढ्याने भागत नाही. एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलची डिकीची काच वेगळी असू शकते: काचेवरचे धुके घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा आहेत की नाहीत, वायपरचे भोक आहे की नाही, रेडिओचा अँटेना काचेवर छापलेला आहे की नाही. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही किंवा ती कापताही येत नाही, त्यामुळे चुकीची काच म्हणजे चुकीचीच काच. कोपऱ्यात आयएसआय चिन्ह आणि आयएस 2553 हा मानक क्रमांक पाहा. गडद काचेचा मोह होतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 100 नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार जावा लागतो. 50 टक्क्यांची सवलत फक्त बाजूच्या काचांना. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुनी काच स्वस्त मिळते. ती घेताना चारही कडांवरून बोट नव्हे, कापड फिरवा. धागा कुठे अडकला तर ती काच तिथेच ठेवा.

बोलेरोसारख्या जुन्या बांधणीच्या गाड्यांत काच रबरात बसते. तिथे दोरी घालून रबराची ओठी आत ओढण्याची जुनी पद्धत चालते आणि कडक झालेले रबर नवे घेतले की काम झाले. आजच्या बहुतेक एसयूव्हींत मात्र ‘पेस्टिंग’ची काच असते, म्हणजे ती पॉलियुरेथेनने, आपल्या भाषेत पीयूने, थेट पत्र्याच्या चौकटीला चिकटवलेली असते. सगळी गोम इथेच आहे.

पेस्टिंगच्या आधी डिकीच्या आतले प्लास्टिकचे आवरण काढलेच पाहिजे. ‘न काढता होईल’ म्हणणाऱ्याकडे काम देऊ नये. तुकड्यांचा मोठा भाग डिकीच्या पोकळीत उतरलेला असतो. तो तिथे राहिला की खुळखुळतो एवढेच नाही. डिकीच्या खालच्या कडेची पाणी निचऱ्याची भोके बुजतात, पाणी साठते, आतून गंज धरतो आणि कुलपाची मोटर व वायरचे कनेक्टर भिजतात. डिकी आधी बंद, मग अर्धी उघडी अशा दोन्ही स्थितीत व्हॅक्यूम मारावा लागतो, कारण तुकडे सरकतात. स्टेपनीचा खड्डा, सीटबेल्टची कुलुपे आणि सीटच्या रुळांतही पाहावे. गालिच्यातली बारीक कच व्हॅक्यूमने निघत नाही. रुंद चिकटपट्टी दाबून उचलली की निघते. आवरणाच्या क्लिपा काढताना काही तुटतातच. पाच-दहा नव्या क्लिपा हाताशी ठेवाव्यात, फेव्हिक्विकने भागवू नये.

आता चौकट. जुने पीयू पत्र्यापर्यंत खरवडून काढणे हे मेहनतीचे काम वाटते, पण ते चुकीचे आहे. जुन्या पीयूचा 1 ते 2 मिलिमीटरचा घट्ट बसलेला थर ठेवून वरचे सुरीने सपाट कापायचे. ताज्या कापलेल्या पीयूवर नवे पीयू उत्तम धरते, नुसत्या रंगावर तितके धरत नाही. सुरी पत्र्याला लागून रंग उडाला तर त्या ओरखड्यावर पत्र्याचा प्रायमर लावून तो वाळू द्यायचा. तो लावला नाही तर गंज पीयूच्या खालून सरकत जातो आणि वर्षभराने गळती दिसते, तेव्हा कोणालाच ओरखडा आठवत नाही. आधीच गंज असेल तर तो घासून, इपॉक्सी प्रायमर मारून, पूर्ण वाळल्यावरच काच बसवावी, मग गाडी एक दिवस जास्त राहिली तरी चालेल.

काचेच्या काळ्या किनारीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पीयूच्याच कंपनीचा, पकड वाढवणारा अ‍ॅक्टिव्हेटर आणि गरजेप्रमाणे काळा प्रायमर. डब्यावर दहा मिनिटे लिहिली असतील तर दहा मिनिटे थांबायचे. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी पुसू नये, तेलकट अंश राहतो. पुसल्यावर बोट लावू नये. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे त्या दिवशी गाडीच्या आसपासही नको. आणि पावसात चौकट ओली झाली म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारू नये. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असते, तेलही असते. ओल जाते आणि तेल बसते. कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसून थांबावे. पीयू हवेतल्या दमटपणाने घट्ट होते हे खरे, पण त्याला हवेतली वाफ लागते, पत्र्यावरचे पाणी नव्हे.

पीयूची लड, म्हणजे चौकटीभर सोडायची सलग पट्टी, इंग्रजी व्ही अक्षराची खाच पाडलेल्या नळीतून, गन सरळ उभी धरून ओढायची म्हणजे ती त्रिकोणी, साधारण 12 मिलिमीटर उंचीची येते. गोल नळीतून चपटी लड येते आणि चौकट जिथे थोडी खोल असते तिथे काचेला पोचतच नाही. लडीचा आरंभ आणि शेवट कोपऱ्यात येऊ देऊ नये. दोन्ही टोके एकमेकांत मिसळून सपाट करावीत, कारण गळती बहुधा याच सांध्यात सापडते. एका डिकीला 310 मिलीच्या एक ते दोन ट्यूब लागतात. अर्धी उरलेली, तोंडाला स्क्रू लावून ठेवलेली ट्यूब दुसऱ्या दिवशी वापरणे ही काटकसर नव्हे.

लड ओढल्यावर तिच्यावर साय धरायच्या आत काच बसली पाहिजे. जुलैत रत्नागिरीला ही साय फार लवकर धरते, कोरड्या थंडीत नागपूरला बराच वेळ लागतो; मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर कामच करू नये, गाडी सावलीत घ्यावी. दोन माणसे, दोन सक्शन कप, एकदाच ठेवायची आणि पुन्हा उचलायची नाही. डिकी जवळजवळ उभी असते, त्यामुळे काच स्वतःच्या वजनाने खाली सरकते. खालचे रबरी ठोकळे आणि वरून आडव्या टेपा दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या, दिसायला वाईट दिसल्या तरी.

पीयू साधारण दिवसाला 3 मिलिमीटर आत घट्ट होत जाते. गाडी किती तासांनी चालवायची हे ट्यूबच्या कंपनीने छापलेले असते. कुठे एक तास, कुठे सहा. तो आकडा कारागिराच्या अंदाजाने ठरत नाही. पहिले 24 तास डिकी आपटू नये, आणि बंद करताना एक खिडकी दोन बोटे खाली असावी. सगळे बंद असताना डिकी आपटली की आतल्या हवेचा धक्का ओल्या लडीवर बसतो. प्रेशर वॉशिंग दोन दिवस नको. सात आसनी गाडीत तर मागच्या प्रवाशाचे डोके या काचेपासून हातभर अंतरावर असते, म्हणून ‘ही काय पुढची काच आहे?’ हा प्रश्नच फोल.

वायपरच्या भोकातले रबरी बुश नवे हवे. जुने दबलेले बुश ठेवून नट आवळला की धातू काचेला टेकतो. चार दिवसांत, एखाद्या खड्ड्यावर, नवी काच चुरा. डिफॉगरची तपासणी मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते: दोन्ही कडेच्या पट्ट्यांत सुमारे 12 व्होल्ट आणि ऋण पट्टीपासून प्रत्येक तारेच्या मध्यावर सुमारे 6. मध्यावर 0 किंवा 12 दिसले तर ती तार तुटलेली आहे. हे काच चिकटवण्याआधी, गाडीची वायर तात्पुरती जोडून पाहिले तर बदलून मागता येते, नंतर वाद होतो.

विम्याबद्दल थोडे. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर काचेवर घसारा शून्य, पण रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के. पीयू, क्लिपा वगैरे बहुतेकदा ‘कन्झ्युमेबल’ म्हणून आपल्याच माथी. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये सक्तीची कपात. खरा हिशेब नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा आहे. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता 15,000 आणि बोनस 50 टक्के. मोठ्या गाडीची काच 8,000 ला पडली तर हातात जास्तीत जास्त 6,000 येतात आणि पुढच्या वर्षी 7,500 ची सूट जाते. ती 20, 25, 35, 45 करत पुन्हा 50 वर यायला पाच वर्षे लागतात. बोनस राखणारे जादा कलम घेतले नसेल तर आधी हा गुणाकार करा, मग दावा.

काचेच्या दुकानदारांना विनंती अशी, की ‘काच व मजुरी’ अशी एक ओळ लिहून बिल फाडू नये. काचेच्या कंपनीचे नाव आणि नवी की जुनी, पीयूचे नाव, बॅच आणि मुदत संपण्याची तारीख, काच बसवल्याची वेळ, गाडी चालवायची वेळ आणि चौकटीत गंज होता का, एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. मुदत संपलेले पीयू नळीतून व्यवस्थित बाहेर येते, दिसतेही तसेच, पण धरत नाही. म्हणून तारीख महत्त्वाची. यात चांगल्या कारागिराचे नुकसान नाही, उलट पीयूऐवजी सिलिकॉन लावणाऱ्या ज्या कारागिराशी आज तो भावात हरतो त्याच्यापासून त्याची सुटका आहे.

आणि गिऱ्हाइकांनी दुसऱ्या दिवशी टेपा काढल्यावर साध्या पाइपने, जोर न देता, खालून वर सरकत पाणी सोडून पाहावे. आत एकाने टॉर्च घेऊन बसावे. गळती दिसली तर वरून सिलिकॉन फासून घेऊ नका. त्यातल्या आंबट वासाच्या जातीमुळे पत्रा आणि डिफॉगरच्या तारा दोन्ही खराब होतात, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी पुन्हा पीयू धरत नाही. गळकी जागा कापून, साफ करून, पीयूनेच भरून घ्यावी, आणि तेही त्याच बिलात.

आपला,
एक काच-कारागीर, पिंपरी