'आदिवासी नाव' म्हणजे नक्की कोणाच्या भाषेतलं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियाच्या मासळीवरचा लेख वाचला, मस्त होता, फोटो तर एकदम भारी. पण बॅरामंडीबद्दल 'हा आदिवासी भाषेतला शब्द' एवढं लिहून विषय उरकलाय ते काही पटलं नाही. अहो, तिथे आदिवासी भाषा अशी एक भाषा नाहीच, इंग्रज यायच्या आधी 250 च्या वर भाषा होत्या आणि माशांची नावं जिची तिची वेगळी. बॅरामंडी हे नाव आलंय क्वीन्सलंडच्या रॉकहॅम्प्टन भागातून, अर्थ साधारण मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा, आणि गंमत म्हणजे पूर्वी ते सॅराटोगा नावाच्या वेगळ्याच माशालाही लावायचे. तोच बॅरामंडी (म्हणजे आपला जिताडाच हो) उत्तरेला आर्नहेम लँडमधे योल्नू लोकांचा रात्जुक आणि कुनविंजकु भाषेत नमार्नकोल. दुकानात एका माशाला एकच नाव हवं हे मान्य, नाहीतर गिऱ्हाइकाच्या गळ्यात भलतंच काहीतरी मारतील. पेपरात वेगवेगळी नावं द्यायला काय अडचण आहे?

मरे नदीच्या मुखाजवळच्या नारिन्जेरी लोकांची गोष्ट तर यायलाच हवी होती. त्यांचा पूर्वज नुरुंदेरी, तो पोंडी नावाच्या अजस्त्र मरे कॉडच्या मागे लागला, मासा शेपटी आपटत पळत सुटला आणि त्या फटक्यांनी नदीला वळणं पडली, शेवटी अलेक्झांड्रिना तलावात नुरुंदेरीच्या मेव्हण्याने, नेपेलेने, भाल्याने त्याला गाठलं. मग नुरुंदेरीने त्याचे तुकडे केले आणि एकेक पाण्यात टाकताना नाव ठेवत गेला, तू थुकेरी, तू मलोवे, असं करत शेवटच्याला म्हणाला तू पोंडीच राहा. थुकेरी म्हणजे तो काट्यांनी भरलेला बोनी ब्रीम. आणि मलोवेवरूनच इंग्रजीतला मलवे आला, आपल्या घोळीच्या जातकुळीतला मासा, आजही बाजारात ह्याच नावाने विकला जातो आणि घेणाऱ्यांपैकी कितीजणांना नारिन्जेरी हे नाव तरी ऐकून माहीत असेल देव जाणे.

व्हिक्टोरियातले गुंडिट्जमारा लोक ईलला (सापासारखा लांबट मासा) कूयांग म्हणतात. बज बिम ह्या ठिकाणी त्यांनी लाव्हाच्या दगडांतून पाट काढून, बांध घालून ईल अडवायची सोय केली, किमान 6,600 वर्षांपूर्वी, 2019 ला युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. तुमच्या लेखात ईल आहे पण नुसता स्मोक्ड, लिंबाची फोड लावून!

पुढच्या वेळी माशाचं नाव छापताना ते कुठल्या लोकांच्या भाषेतलं एवढं कंसात द्या, दोन शब्दांचं काम आहे. आणि स्पेलिंग जुन्या गोऱ्या सर्वेयरच्या वहीतलं नको, ते लोक आज स्वतः जसं लिहितात तसं बघून मराठीत आणा.

– एक मासेखाऊ वाचक